साफ्यांनी खाल्लेलं चित्र

माझ्या मुलीला एका समारंभात तिच्या संशोधनावर बोलायला वीस मिनिटं दिली होती. त्यातली दहा पाहुण्यांना साफे बांधण्यात गेली. साफा बांधला की माणूस बोलतोच; पाच तिथे गेली. उरलेल्या वेळात तिनं एवढंच सांगितलं, की मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं, आणि जनुक बदललेल्या उंदरांच्या मेंदूत त्याचं गणित बिघडलं की शिकवलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही. मग घंटा वाजली आणि टाळ्या.

मी खातीपुऱ्याला घरी आलो आणि बायकोची कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली.

वर्षभर ती विसरत होती. आदर्श नगरला तिच्या बहिणीकडे कालच जाऊन आलो, हेसुद्धा. गोळीही साधारण तेव्हाच सुरू झाली होती. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर झाली. आत माल आला नाही तर शेड रिकामी पडते, एवढं मला कळतं. मी तिच्या वरणावर तूपही वाढवलं. तिनं कारण विचारलं नाही. एरवी विचारलं असतं.

तीन आठवड्यांनी मुलगी आली आणि गोळ्यांची न फोडलेली पाकिटं तिच्या हाती लागली. मी कबूल केलं. ती चिडली नाही, मला समजावत बसली, ते जास्त अवघड गेलं. रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत जवळजवळ जातच नाही, मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो. हेच त्या दिवशी पडद्यावर दाखवायच्या तिच्या पुढच्या चित्रात होतं, जे साफ्यांनी खाल्लं. तिच्या उंदरांत ते मेंदूतून बाहेर काढणारं जनुक बंद केलेलं असतं. मग साठत असेल? तर नाही. मेंदू बनवणंच कमी करतो. साठा तेवढाच, तरी उंदीर मठ्ठ.

"म्हणजे शेडमध्ये माल तेवढाच, पण हलत नाही," मी म्हणालो.

"मतलब, तसंच काहीसं. पण बाबा, उंदरांवरून आईचं औषध ठरवू नका. मीसुद्धा ठरवत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि विसरण्याच्या त्रासासाठी दुसऱ्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. जेवण झाल्यावर मी गोळी बायकोच्या हातावर ठेवली.

"ही कशाची?"

"हृदयाची."

"आणि विसरायची कुठली?"

मी मुलीकडे पाहिलं. मला वाटलं, ती उंदरांबद्दल काही सांगेल. तिनं आईला पाणी दिलं.