बाबांच्या अँटिबॉडी

समस्त आप्तेष्ट, शेजारी, दूधवाला आणि कोपर स्टेशनबाहेरचे झाडून सगळे रिक्षावाले यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे, की आमच्या बाबांना ताप आला आहे.

अशी पाटी तेवढी दारावर लागायची राहिली होती. नव्वदच्या दशकातला एक पावसाळा. खाडीचं पाणी तळमजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत शिरलं, पाण्याबरोबर उंदीर शिरले, आणि पाणी ओसरल्यावर आईबाबांनी अनवाणी उभं राहून घर धुऊन काढलं. काही दिवसांनी दोघंही तापले. उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा ताप असावा, अशी आमच्या डॉक्टरांना शंका आली. त्यांनी दोघांचं रक्त तपासायला ठाण्याला पाठवलं.

रिपोर्ट आले. बाबांच्या अँटिबॉडी भरभरून, आईच्या जवळजवळ नाहीतच.

झालं! जितक्या अँटिबॉडी जास्त, तितका आजार मोठा, असा बाबांनी परस्पर निकाल लावला आणि आम्हा सगळ्यांना तो पटलाही. ते खाटेवर लोडाला टेकून बसले. भेटायला येणाऱ्याला रिपोर्ट द्यायचे आणि वाचायला स्वतःचा चष्माही देऊ करायचे.

"अहो, एवढं सगळं अंगात घेऊन बसलाय तुम्ही?" शेजारचे काका हादरले.

"सोसतोय. काय करणार?"

"आणि वहिनी?"

"तिचं काही नाही हो. नावाला ताप. अगं, यांना चहा टाक गं!"

आई भिंतीला धरून उठायची आणि चहा टाकायची.

एका संध्याकाळी डॉक्टर बाबांना बघायला आले. चहा घेऊन आलेल्या आईकडे त्यांचं लक्ष गेलं. कप बाजूला ठेवून त्यांनी तिलाच खुर्चीत बसवलं. डोळे पिवळे झालेले. पोटरी जराशी दाबली तर ती कळवळली. सकाळपासून लघवी झाली नव्हती, तेही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"यांना आत्ताच्या आत्ता ठाण्याला न्यायचं. ॲडमिट करावं लागेल."

"हिला?" बाबा उठून बसले. "डॉक्टर, रिपोर्ट बघा ना. हिच्यात काहीच नाहीये!"

"काका, अँटिबॉडी म्हणजे आजार नव्हे. आजाराशी लढायला शरीर जे तयार करतं, ते. तुमची फौज उभी राहिली, म्हणून तुम्ही असे ऐटीत बसलाय. यांची अजून जमलीच नाही. आत जंतूंना रान मोकळं आहे."

उंदरांकडूनच येणाऱ्या हंता विषाणूच्या तापातही, सुरुवातीला अँटिबॉडी कमी असलेले काही रुग्ण जास्त अत्यवस्थ होतात, असं पुढे कधीतरी माझ्या वाचनात आलं. त्या संध्याकाळी मात्र मी नुसता बाबांकडे बघत होतो. ते खाटेवरून उतरले, खाली बसले आणि आईच्या पायांत चपला चढवू लागले. डावी उजव्या पायात, उजवी डाव्या पायात.

ठाण्याच्या हॉस्पिटलात आई डोळे मिटून पडून असायची. हाक मारली तरी ओ द्यायची नाही. बाबा स्वतःचा ताप विसरून शेजारच्या स्टुलावर; रात्री तिथेच बसल्या बसल्या घोरायचे. तिथल्या डॉक्टरांच्या राउंडची वेळ झाली की शर्टाची बाही कोपराच्या वर सरकवून तयार.

"डॉक्टर, माझ्यात एवढ्या नुसत्या पडून आहेत. काढा माझं रक्त आणि चढवा हिला."

"तसं नसतं हो, काका. इंजेक्शनं चालू आहेत. यांच्या स्वतःच्या तयार होतील. धीर धरा."

बाबांना धीर धरणं जमलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाही वर, पुन्हा तीच विनवणी. वॉर्डातले इतर पेशंट एव्हाना त्यांच्या बाजूनं बोलायला लागले होते. "घ्या ना डॉक्टर, एवढं म्हणतायत तर!"

मग एका सकाळी डॉक्टर पुन्हा शांतपणे समजावायला लागले, बाबांनी हात आणखी पुढे केला, आणि त्यांच्या पाठीमागच्या कॉटवरून, डोळे मिटलेलेच ठेवून, घोगऱ्या आवाजात, पण अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं आई म्हणाली,

"यांचं रक्त नको हं, डॉक्टर. मी घोरायला लागेन!"