डॉक्टरांनी वंश विचारला

माझ्या नातींनो,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण मला रडू आलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून लिहिते आहे. आणि आत्ताच, कारण थोरलीच्या अंडाशयावर गाठ सापडली आहे आणि पुढच्या आठवड्यात तिला पुन्हा डॉक्टरांकडे जायचं आहे.

थोरली परदेशातून फोनवर म्हणाली, "आजी, इथे डॉक्टरांनी आधी माझा वंश विचारला." रेस या शब्दाचं मराठी तिने शोधून काढलं होतं. आपल्याकडे वंश म्हणजे मुलगा. तो नसला की वंश खुंटला. डॉक्टरांचा अर्थ वेगळा होता. अंडाशयाच्या कॅन्सरची एक क्वचित होणारी जात गोऱ्या बायकांपेक्षा आशियाई बायकांत जास्त आढळते. का, ते अजून नीट कळलेलं नाही. आशियाई या एका शब्दात जपानही आलं आणि माझं माहेर फैजपूरही, तेव्हा त्यातलं आपल्याला किती लागू आहे ते मी सांगू शकत नाही. घरातलं मात्र सांगू शकते.

माझी धाकटी बहीण धुळ्याजवळच्या गावात दिली होती. लग्नाआधीपासून दर महिन्याला तिचं पोट इतकं दुखायचं की ती गोधडी पोटाशी घट्ट धरून पडून राहायची. आई म्हणायची, बायकांचं असंच असतं. तिला एक मुलगी झाली, पुढे काही नाही. चाळिशी उलटल्यावर पोट वाढू लागलं आणि सासू एकदम मऊ झाली. "यंदा आंडोरच शे," मुलगाच आहे, असं गल्लीभर सांगत सुटली.

बहीण जळगावला माझ्याकडे आली तेव्हा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "अक्का, माझी पाळी चालूच आहे गं."

"सासूबाईंना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाल्या, कुणाकुणाला येते. राहू दे ना. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला तूप वाढतंय."

ती हसली. पोट ताणलेलं होतं आणि बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होत्या. दुसऱ्याच दिवशी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. पोटात पाणी होतं आणि गाठ होती. ऑपरेशननंतर रिपोर्ट आला, त्यात कॅन्सरच्या त्याच क्वचित होणाऱ्या जातीचं नाव होतं: क्लिअर सेल. दर महिन्याच्या तसल्या दुखण्याशी त्याचा कधीकधी संबंध असतो, असं डॉक्टर म्हणाले.

सासू दवाखान्यात आली, कॉटशेजारी बसली आणि म्हणाली, "मंग पोर नव्हतंच का?" पुढे शेवटपर्यंत तीच तिला भरवत होती. औषधं लागू पडली नाहीत. उन्हाळ्यात बहीण गेली.

ती पोटाच्या दुखण्याने गेली, एवढंच सगळे म्हणतात. सासरच्यांच्या लेखी ते परक्या घरचं दुखणं, आणि माहेरच्या वंशावळीत लेकींची नावंच नसतात. मग सांगणार कोण?

थोरले, तुझंही पोट दर महिन्याला दुखतं. तुझी गाठ बहुधा साधी आहे असं डॉक्टर म्हणाले, तशीच असो. पण त्यांना सांग की माझ्या आईच्या मावशीला क्लिअर सेल होता आणि तिचंही पोट तरुणपणापासून असंच दुखायचं. लाजू नकोस.

माझ्या बहिणीची मुलगी धुळ्यात शिक्षिका आहे, ठणठणीत आहे. तुमची आई आहे, तुम्ही दोघी आहात आणि मी आहे. माझ्या आईच्या लेकी, नाती, पणत्यांपैकी आज एवढ्या जणी आहोत.