जालन्यात हीटर कशाला?

रिटायर झाल्यापासून माझी पोस्टिंग बदनापूरला आहे. सकाळी साडेपाचला उठतो, स्टेशनपर्यंत चालून येतो आणि आल्यावर गाडीची फर्स्ट परेड करतो. फर्स्ट परेड म्हणजे इंजिन चालू करण्याआधीची तपासणी. तेल, पाणी, हवा, ब्रेक बघायचे आणि शेवटी वाकून गाडीच्या पोटाखाली नजर टाकायची. आता माझ्याकडे एक जुनी स्कूटर उरली आहे. तिच्या पोटाखाली बघण्यासारखं काही नाही, तरी बघतो. बायको म्हणते, स्कूटरलासुद्धा आता लाज वाटत असेल.

ही सवय मला फौजेनं लावली असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे ती लावली नाईक दत्ता तौरनं. दत्ता परतूर तालुक्यातल्या आष्टीचा. आम्ही दोघं एकाच बटालियनमध्ये एमटी ड्रायव्हर, म्हणजे फौजेच्या गाड्या चालवणारे. सगळ्या कॉन्व्हॉयमध्ये, म्हणजे गाड्यांच्या ताफ्यात, मराठवाड्याचे आम्ही दोघंच, त्यामुळे एकमेकांचं डोकं खायला दुसरं कोणी नव्हतं. दत्ता जन्माचा संशयी. वर्कशॉपमधून धुऊनपुसून आलेल्या गाडीवर त्याचा सगळ्यात कमी भरवसा. चकचकीत गाडी म्हणजे कोणीतरी काहीतरी लपवलंय, असं तो म्हणायचा. कुठं थांबलो की उतरून चारही चाकांच्या मध्यभागी हात ठेवायचा. एखादं चाक जास्त तापलं असेल तर पुढं हलू द्यायचा नाही. लंगरमधला, म्हणजे फौजेच्या भटारखान्यातला, चहा आधी हुंगायचा, मग प्यायचा. युनिटमध्ये त्याला आम्ही शंकासुर म्हणायचो. तो आज नाही, आणि त्याच्या शंका सगळ्या माझ्याकडे आल्या आहेत.

माजी सैनिकाला फौजेच्या कॅन्टीनमार्फत गाडी घेतली तर सवलत मिळते. ही गोष्ट भावकीला कळली त्या दिवसापासून माझा मान वाढला. जे पुतणे बसस्टँडवर ओळख दाखवत नव्हते ते वाकून पाया पडायला लागले. म्हणून या उन्हाळ्यात ऋतुजाचा फोन आला आणि ती म्हणाली, काका, गाडी घ्यायची आहे, तुम्ही सोबत या, तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो म्हणजे 'आली.'

ऋतुजा दत्ताची मुलगी. दत्ता गेला तेव्हा बालवाडीत होती. आता जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत नोकरी करते, मस्तगडला खोली घेऊन राहते आणि रोज कंपनीचे प्लॉट बघायला शेताशेतानं हिंडते. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की तिच्या आईला, म्हणजे शकुंतलावहिनींना, स्वतःचं कॅन्टीन कार्ड आहे. पोरीला माझ्या कार्डाची गरजच नव्हती. मग माझी कशाला होती? संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

तिचं म्हणणं साधं होतं. रोज काळ्या मातीतून जाता येईल अशी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी पाहिजे, मस्तगडच्या गल्लीत मावली पाहिजे आणि शनिवार-रविवार कुठं फिरायला गेलं तर दगा देऊ नये. नवी घ्यायची तर थांबावं लागतं, म्हणून जुनी चालेल. मात्र जूनच्या आत हातात हवी. पेरणी सुरू होते म्हणून, असं ती म्हणाली. कारण पटण्यासारखं होतं. मला पटलं नाही.

पहिली गाडी जालन्यात बघितली. दिसायला रणगाडा. छपरावर दिव्यांची रांग, पुढं लोखंडी गार्ड, चाकं गुडघ्याएवढी. विकणारा बोलतच होता. मी खाली वाकलो तर मागच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्टच नव्हता. गाडी पुढच्या दोन चाकांवर चालणारी, बाकी सगळं नाटक. मी त्याला विचारलं, मागची चाकं काय सोबतीला आहेत का? तो म्हणाला, काका, आजकाल कोण एवढं बघतं.

दुसरी खरी फोर बाय फोर होती. आतून अत्तराचा वास येत होता. दत्ता असता तर त्या वासावरूनच परत फिरला असता. मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. वरचा भाग स्वच्छ, आणि जो नेहमी आत गुंडाळलेला असतो तिथं वाळलेल्या गाळाची रेघ. गाडी पुरात बुडून आली होती. बोनेटला हात लावला तर इंजिनही गरम. थंड असताना ते सुरू होत नाही हे आम्हाला कळू नये म्हणून आम्ही यायच्या आधी कोणीतरी ते तापवून ठेवलं होतं. ऋतुजाला फक्त ती रेघ दाखवली.

परत येताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, या गाड्यांचा हीटर बराबर चालतो का?"

एप्रिल संपत आला होता. जालन्यात डांबर वितळत होतं. मी म्हणालो, चालत असेल. थोड्या वेळानं तिनं विचारलं की हवा पातळ असली तर डिझेल इंजिन चढ ओढतं का. बदनापूरची हवा कधी पातळ झालेली मला आठवत नाही. जून, हीटर, पातळ हवा. मी हिशेब जुळवला. जूनमध्ये बर्फ काढून लडाखमधले रस्ते उघडतात, ज्यातल्या एकावर दत्ता गेला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. दत्ताची शवपेटी घेऊन मी आष्टीला आलो होतो. अंत्यसंस्कार झाल्यावर वहिनींनी मला बाजूला बोलावलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या लेकीला त्या रस्त्याचं नावबी सांगू नका." मी शब्द दिला आणि पाळला. ऋतुजानं कितीदा विचारलं, मी दरवेळी सांगितलं, ड्यूटीवर गेला. त्यापुढं कधी गेलो नाही.

तिसरी गाडी अंबड रस्त्यावरच्या एका मोसंबीवाल्या बागायतदाराची. इंजिन गार होतं. पहिल्या सेल्फला सुरू झालं. खाली शाफ्ट, गिअरजवळ चारही चाकं जोडायचा वेगळा दांडा, बेल्टमध्ये गाळ नाही, टायर एका वयाचे. त्यानं बागेला पाणी सोडलं होतं, तिथंच चिखलात ऋतुजानं गाडी घातली. लो गिअर टाकला आणि ती निवांत म्हशीसारखी बाहेर आली. एवढी चांगली गाडी विकता कशाला, मी विचारलं. तो म्हणाला, उंच आहे, आईला चढता येत न्हाई. मी त्याच्या आईला बघून आलो. ओसरीत बसल्या होत्या, गुडघ्याला तेल लावत. म्हणजे तेही खरं होतं.

माझ्या नोकरीत एवढी बिनखोट गाडी क्वचित बघितली असेल. आणि म्हणूनच मला ती नको होती. या गाडीनं पोरगी थेट दत्ता गेला त्या नाल्यापर्यंत पोचली असती. मी तिला सांगितलं की स्टिअरिंग ओढतंय, क्लच संपत आलाय, सोडून दे.

ऋतुजा गाडीकडे वळली. खाली बसली आणि एकेका चाकाच्या मध्यभागी हात ठेवून आली. मला एकदम दत्ता दिसला. हे कुठं शिकलीस, मी विचारलं. ती म्हणाली, काल तुम्हीच करत होतात की. मग उभी राहून माझ्याकडे बघत म्हणाली, "काका, तुम्ही मुद्दाम खोड काढून राह्यलात. क्लच बराबर आहे. मी आत्ता चालवून आले."

"तुला कुठं जायचंय ते खरं सांग."

तिनं मोबाइल पुढं केला. मोटारसायकलवरून फिरणाऱ्या कोणीतरी टाकलेला व्हिडिओ होता. त्या रस्त्यावर आता परमिट काढून कोणीही जातं. नाल्याच्या काठावर युनिटनं उभारलेला पांढरा दगड होता आणि त्यावर दत्ताचं नाव. तो मुलगा दगडाला टेकून हसत होता. दगडावर चहाचा कागदी कप ठेवलेला होता.

"मला तिथं काय झालं ते पाहिजे," ती म्हणाली. "दुसरं कायबी नको."

बागायतदाराच्या बांधावर बसलो आणि सांगितलं. तेच इथं लिहितो. नाल्याचं नाव लिहीत नाही, सवय नाही.

लडाखमधले बर्फाचे नाले सकाळी शहाणे असतात. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारी तेच पाणी गाडी उलटवतं. म्हणून आमचा कॉन्व्हॉय दहाच्या आत नाला ओलांडायचा. त्या दिवशी रस्त्यात दरड होती. ती काढेपर्यंत नाल्यावर पोचायला तीन वाजले. आमच्या पुढं एक ॲम्ब्युलन्स होती. आत पोटाचा पेशंट, लगेच खाली नेणं भाग होतं. तिच्या ड्रायव्हरनं धोका पत्करला आणि ती मध्यावर बसली. पाणी दारापर्यंत आलं.

माझ्या गाडीला विंच होती, म्हणजे पुढं लोखंडी दोर गुंडाळणारं यंत्र. दत्ता माझा को-ड्रायव्हर. रेडिओवर वरून ऑर्डर आली.

"रुको. रिकव्हरी गाड़ी आ रही है. ओव्हर."

"सर, पानी बढ़ रहा है. मरीज अंदर है. ओव्हर."

"कितना टाइम है? ओव्हर."

मी दत्ताकडे बघितलं. त्यानं पाण्याकडे बघितलं. नाल्यात उतरायचे त्याचे स्वतःचे नियम होते. आधी काठीनं तळ चाचपायचा, कमरेला दोर बांधायचा, वरच्या बाजूला एक माणूस उभा करून वाहून येणाऱ्या दगडांवर लक्ष ठेवायचं. हे नियम मोडले म्हणून त्यानं एकदा सुभेदार साहेबांशीसुद्धा वाद घातला होता. त्या दिवशी त्यानं त्यातलं एकही केलं नाही. "काशीनाथ, दोर ढिला सोड," एवढंच म्हणाला आणि हुक घेऊन उतरला.

हुक बसला. त्यानं हात वर केला. मी विंच ओढायला लागलो. ॲम्ब्युलन्स हलली, सरकली, काठावर आली. मी परत बघितलं तेव्हा दत्ता नव्हता. पलीकडच्या काठावरच्या जवानानं सांगितलं, पाण्याच्या पोटातून मोठा दगड आला. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी उतरल्यावर, तो खालच्या वळणावर सापडला. पेशंट जगला.

मला दत्ताचा आजही राग येतो. चहा हुंगून पिणाऱ्या माणसानं त्या एका दिवशी काहीच तपासलं नाही. हे मी ऋतुजाला तसंच सांगितलं. ती म्हणाली, आत माणूस होता ना, काका.

मी म्हणालो, हो.

गाडी मी पसंत केली. पण वहिनींना दिलेला शब्द होता, तो त्यांनाच परत करायला हवा होता. दुसऱ्या दिवशी आष्टी गाठली. बाजाराचा दिवस होता, वहिनी मिरच्या निवडत बसल्या होत्या. मी रिपोर्ट दिल्यासारखं सगळं सांगितलं. मला दाट संशय आहे, पोरगी गाडी घेऊन तिकडं जाणार आहे, तुम्ही तिला थांबवा.

वहिनींनी मिरच्या निवडणं थांबवलं नाही.

"भाऊजी, गाडी लई उंच आहे म्हणं. एक पायदान लावून घ्या. माझे गुडघे चढत न्हाईत."

"म्हणजे तुम्हीपण जाणार?" मी विचारलं.

"त्या पोट्ट्यानं त्यांच्या नावावर चहा ठेवल्ता," त्या म्हणाल्या. "तवापासून मला झोप न्हाई. तो दगड कोण पुसत असंल? मंग मीच म्हणलं पोरीला, गाडी बघ. आन काकाला इचार, त्यांच्याबिगर कुणाचा भरवसा नको."

म्हणजे सगळ्यांवर संशय घेत मी हिंडत होतो आणि जिच्यावर एकदाही घेतला नाही तिनंच मोहीम आखली होती. दत्ता असता तर पोट धरून हसला असता.

पायदान जालन्यात बसवून घेतलं, वेल्डिंग माझ्यासमोर करून. जून संपता संपता आम्ही निघालो. बहुतेक रस्ता मी चालवला, थोडा ऋतुजानं. वहिनी मागं उशी घेऊन बसल्या. हीटर लागला आणि चालला.

नाल्यावर सकाळी साडेआठला पोचलो. तिथं आता लोखंडी पूल आहे. एवढी फोर बाय फोर शोधली आणि शेवटी पुलावरून कोणाचीही छोटी मोटार गेली असती. ऋतुजा गाडी पुढं घेणार तेवढ्यात मी थांब म्हणालो. मला तो पूल पटेना. उतरलो, काठावर गेलो, वाकून पुलाच्या पोटाखाली बघितलं. नटबोल्ट बघितले. पाणी बघितलं. ते कमी होतं.

वळलो तर वहिनी पायदानावरून उतरून माझ्यामागं येऊन उभ्या होत्या.

"तेबी असंच करायचे का?"

"हो वहिनी. मला त्यानंच लावलं हे."

त्या हसल्या. पेटी घेऊन आलो तेव्हापासून त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. म्हणाल्या, "मला बघायला आल्ते ना, तवा आमच्या अंगणातल्या खाटेचे चारी पाय हलवून बघितले. मंगच बसले. माझा बाप म्हणला, हा काय पोरगी बघायला आला का खाट."

ऋतुजाला ही गोष्ट माहीत नव्हती. ती हसता हसता रडली. मग आम्ही तिघं दगडापाशी गेलो. दगड पुसल्यावर नाव स्वच्छ दिसलं, कुठंही उडालेलं नव्हतं. वहिनींनी आष्टीहून आणलेली दशमी त्याच्यासमोर ठेवली. मी टाचा जुळवून सॅल्यूट केला. त्या दिवशी दत्तानं हात वर केला होता तेव्हा माझे दोन्ही हात विंचवर होते.