मंडळात दाखवलेली जर्मनी

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं खुशाल जर्मनीला जाऊन यावं, पण तिथले फोटो व्याह्यांना दाखवू नयेत. मी दाखवले. तेही रायपूरला, बूढापाऱ्यातल्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर, हातात माइक धरून.

आमचे व्याही नागपूरचे. एकदा अमेरिकेला जाऊन आले, तेव्हापासून चहात साखर कमी पडली तरी तिथल्या साखरेचा विषय काढतात. म्हणून लेकीकडे एसेनला राहून आल्यावर मी ठरवलं, आता या गृहस्थांची बोलती बंद करायची. मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं त्यांना.

"फोटो एकदा मले तरी पाहू द्या," बायको सकाळपासून म्हणत होती. पण मी कुठला ऐकतो?

पहिला फोटो एसेनची शान असलेल्या जागेचा. बंद पडलेली कोळशाची खाण, वर उंच लोखंडी मनोरा. मी रंगात आलो. अख्खं शहर कोळशावर अन् पोलादावर मोठं झालं, खाण बंद झाली तरी लोकांनी ती मोडली नाही, जपली, आता जगभरातून माणसं ती बघायला येतात!

व्याही शांतपणे म्हणाले, "हे तुमच्या बीरगांवच्या कारखान्यांच्या बाजूचं दिसून राहिलं."

हॉल हसला. पुढचा फोटो गंजलेल्या भट्ट्यांचा. मागून आवाज आला, "काका, इतक्या दूर काहून गेले? भिलाईची बस होती ना!"

त्यानंतर आमच्या सौ. त्याच खाणीच्या आवारात, स्टीलच्या डब्यातून चिवडा खाताना. आता तर कोणाचाच विश्वास बसेना. मी घाईघाईनं पुढचं बटण दाबलं. व्याही मिशीत हसत होते.

आणि तेवढ्यात पडद्यावर एक रस्ता आला. रुंद, गुळगुळीत, दुतर्फा झाडं. माणूस नाही, गाय नाही, पानाची पिचकारी नाही.

"वा," व्याही म्हणाले. "याले म्हणतात जर्मनी. मानलं तुम्हाले."

काय सांगू, छाती अशी फुगली! मग मी थांबतो होय? "युद्धात बॉम्ब पडून हे शहर पार उद्ध्वस्त झालं होतं. या रस्त्यावर नुसता विटांचा ढीग होता. पण त्या लोकांची जिद्द बघा. आपल्याकडे असा रस्ता व्हायला शंभर वर्षं लागतील."

टाळ्या पडल्या. व्याह्यांनीसुद्धा वाजवल्या. तेवढ्यात बायको उठून उभी राहिली.

"अहो, त्या झाडाखाली आपली स्कूटर उभी आहे."

सगळा हॉल पडद्याकडे वाकला. स्कूटर आमचीच होती. हँडलला हिची भाजीची पिशवीसुद्धा लटकत होती.

"जायच्या आधी नवा कॅमेरा चेक कराले आपण नवा रायपूरच्या त्या रिकाम्या रस्त्यावर नव्हतो गेलो? विसरले का?"

तेव्हापासून व्याही रायपूरला आले, की घरात बॅग ठेवायच्या आधी म्हणतात, "चला, जर्मनी दाखवून आणा." आणि मी स्कूटर काढतो.