मयताच्या घरचा आवाज

अकयापच्या कालव्याकाठी लग्न ठरलं की लोक आधी शरोफत खल्फाला विचारत आणि मग तारीख धरत. खल्फा म्हणजे बायकांच्या बैठकीत गाणारी. शरोफत छातीशी गार्मोनची पेटी धरून गायची, शेजारी कुमरी डफ वाजवायची, आणि म्हाताऱ्यासुद्धा गुडघेदुखी विसरून अंगणात उतरायच्या. नवरा तरणाताठा गेला तेव्हा शरोफतच्या पदरात दोन मुलं होती. ती तिने या गळ्यावर वाढवली. लग्नघरून पैसे यायचे, वर कापड, रोट्या, साखर. लोक तिला डोक्यावर घेऊन नाचत, पण तिच्या मुलाला मुलगी द्यायची म्हटलं की नाकं मुरडत. गाणं सगळ्यांना हवं असतं, गाणारीण विहीण म्हणून नको असते.

तिकडे खल्फाही दोन तऱ्हेच्या. लग्नाची वेगळी, मयताची वेगळी. मयताच्या घरी जी रडगाणं गाते तिला नवरीच्या अंगणात कुणी पाऊल ठेवू देत नाही. तो आवाज कानी पडला की नवरीची आई धसकते.

अलीकडे लग्नं हॉलमध्ये होऊ लागली. शहरातून पोरं येतात, भिंतीएवढे स्पीकर लावतात आणि ओठ हलवून पैसे घेऊन जातात. शरोफतची बोलावणी आटली. मयताच्या घरी मात्र स्पीकर लावता येत नाही, त्यामुळे तिथल्या खल्फाला उसंत नव्हती. कुमरी बिनलग्नाची आणि तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "चल की आपणही तिकडे. मेलेला माणूस तक्रार तरी करत नाही." शरोफत कानांवर हात ठेवायची. ती गाणी तिला येत नव्हती असं नाही, पण एकदा तिकडे गेलं की परत फिरता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी कापूस वेचून झाला आणि तांदळाच्या व्यापाऱ्याची बायको ओयगुल स्वतः दारात आली. मुलीचं लग्न होतं. हॉल ठरला होता, स्पीकरही ठरला होता, पण सासू अनाश अंथरुणाला खिळलेली, तिने हट्ट धरला होता की घरच्या अंगणात शरोफतच गाईल. व्यापाऱ्याचं गोत कालव्याच्या दोन्ही काठांना पसरलेलं आणि घरोघरी उपवर मुली. ही एक बैठक रंगली की हिवाळा निभावला असता. दोघी रोज तालमीला बसू लागल्या.

लग्नाला दोन दिवस उरले असताना कुमरी गेली. सकाळी तंदुरात रोट्या लावता लावता खाली बसली ती उठलीच नाही.

शरोफत पोचली तेव्हा खोलीत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मयताची खल्फा लेकीकडे ताश्कंदला गेलेली. कुमरीला मूल नाही, बहीण नाही. रडायला सुरुवात कुणी करायची, हेच कुणाला कळेना. जरा वेळाने चहा आला आणि कुजबूज कापसाच्या भावावर घसरली. शरोफतने ठरवलं होतं, पदराआड डोळे पुसायचे आणि उठायचं. समोरच ओयगुल बसली होती.

पण कुमरीला कापसाच्या भावात निरोप द्यायचा? शरोफतला संताप आला, ओयगुलचा, बायकांचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिने डोळे मिटले आणि सूर लावला.

ऊठ कुमरी, डफ शेकून घे, गार पडलाय, असं काहीतरी ती गात गेली. पहिली ओळ संपली आणि ती सवयीने थांबली. डफाच्या थापेची जागा होती ती. थाप पडली नाही. आयुष्यभर आपण प्रत्येक ओळीनंतर या बाईसाठी जागा सोडत आलो, हे तिला तेव्हा कळलं आणि तिचा आवाज फुटला. दुसऱ्या ओळीनंतर त्या जागेत सगळ्या बायका रडल्या. ओयगुलही रडली, हमसून हमसून.

दुसऱ्या दिवशी ओयगुलकडून रोट्या आल्या, कापड आलं आणि निरोप आला: पोर घाबरलीय, खल्फा, मनावर घेऊ नका. शरोफतने मनावर घेतलं, पण रोट्या ठेवून घेतल्या. लग्नाच्या दिवशी कालव्यापलीकडून स्पीकर दिवसभर दणदणत होता. ती घरातच बसून राहिली.

नवरी सासरी गेल्यावर अनाशने तिला बोलावून घेतलं. जाताना शरोफतने पेटी घरीच ठेवली. आता पेटीचं काम उरलं नव्हतं. म्हातारी उशीला टेकून बसली होती. नमस्कार-चमत्कार झाल्यावर ती म्हणाली, "माझ्या मयताला तू यायचंस, हे सुनेला सांगून ठेवलंय."

"तुम्ही शंभर वर्षं जगा," शरोफत म्हणाली.

"ते राहू दे. तेव्हा मला कुठलं ऐकू येणार? ते आत्ता ऐकव. माझंच आहे, मला ऐकू दे तरी."

शरोफत तिच्या उशीजवळ सरकून बसली. मग घसा साफ करून ती सूर शोधू लागली, तशी म्हातारीने हात वर केला. "आणि पेटी कुठंय? माझ्या लेकाच्या लग्नातलं नाचाचं गाणंही हवंय मला."

"दोन्ही एका घरात गात नाहीत. अपशकुन होतो."

"मला होऊन होऊन आता काय व्हायचंय?" अनाश म्हणाली आणि तिने सुनेला हाक मारली. "ओयगुल, खल्फाची पेटी आणव. आणि तिची माफी मागून घे."

ओयगुल दारात जरा घुटमळली. मग डोक्याचा रुमाल सारखा करून ती स्वतःच पेटी आणायला निघाली.