सुपातली माती

माझी भांडी घिवलीच्या, माझ्या गावच्या मातीची आहेत, हे मी समोरच्याने विचारायच्या आधीच सांगते. कुणाला त्यात तोरा दिसतो. दिसू दे. ज्या खाडीकाठाच्या चिखलात लहानपणी माझ्या चपला रुतून बसल्या, त्याच चिखलाच्या थाळीत आज लोक जेवतात, तर थोडा तोरा मला शोभतो.

सरावलीत माझा छोटा गाळा आहे. एक चाक, एक विजेची भट्टी आणि भिंतभर फळ्या. तिथे येणारे विचारतात, हे आकार सुचतात कुठून? मी त्यांना आमच्या अंगणात नेऊ शकत नाही, म्हणून बरणी दाखवते. बोंबील सुकवताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. माझ्या बरणीच्या झाकणाची मूठ म्हणजे तीच जोडी. एका बाईंना त्यात हंस दिसले. मी खरं सांगितल्यावर त्यांनी बरणी घाईघाईने खाली ठेवली. मग पुन्हा उचलली, हसल्या आणि घेऊनच गेल्या. थाळ्यांच्या काठावर घरच्या जुन्या जाळ्याच्या गाठींचे ठसे असतात. ते जाळं आता पाण्यात जात नाही, पण अजून कामावर आहे.

आईला मात्र यातलं काही पटत नव्हतं. आई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकते. तिच्या मते मी कारखान्यातलं पॅकिंगचं चांगलं काम सोडून चिखलात खेळत होते. तिचा स्वतःचा अभिमान एकच, तिच्या सुक्या जवळ्यात वाळूचा कण सापडत नाही. गिऱ्हाईकाला ती एकच वाक्य सांगते, "खडा निघाला तर परत आन, बदलून देईन." शेजारीच माझी मावशी बसते. तिच्या टोपलीबद्दल कुणी आईला विचारलं, तर आई म्हणते, तिचं तिला विचारा. सख्खी बहीण असली तरी दुसऱ्याच्या मालाची हमी आई घेत नाही.

सुरुवातीला मी विकतची तयार माती वापरायचे. मग डोक्यात गावची माती शिरली. घिवलीहून पोती भरून आणली, वाळवली, कुटली, पिठाच्या चाळणीने दोनदा चाळली. थाळ्या भट्टीतून इतक्या देखण्या निघाल्या की मी लगेच गाळ्यावर पाटी लावली, 'घिवलीच्या मातीची भांडी'. पालघरच्या प्रदर्शनात एक टेबलही घेऊन ठेवलं.

पंधरा दिवसांनी शेजारच्या शिक्षिका माझीच थाळी पिशवीत घालून आल्या. ती त्यांनी माझ्यापुढे धरली. थाळीच्या मधोमध नखाएवढा टवका उडाला होता आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका होता. मी फळ्यांकडे धावले. तिथेही तेच. कुठे एक, कुठे चार टवके उडालेले. न हाताळता, जागच्या जागी. प्रदर्शनाला दीड महिना उरला होता. पुन्हा विकतची माती आणायची तर पाटी उतरवावी लागणार होती, आणि सगळ्या सरावलीला ऐकवून झालेलं मला गिळावं लागणार होतं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. त्याहून जास्त राग आला.

त्या दिवशी बाजार उरकून आई चहाला आली. तिने एक थाळी उचलली, नखाने तो पांढरा ठिपका खरवडला, बोटांवर चोळला. आई पान खाते. तिने लगेच ओळखलं.

"चुना हाय ह्यो. तुझ्या मातीत शिंपल्या रायल्यात."

मी तडकले. दोनदा चाळलीय, म्हटलं. आईने शांतपणे विचारलं, कशाने? मी चाळण दाखवली. ती हसली नाही, यातच सगळं आलं.

"शिंपली चपटी असते बाय. आडवी आली तर चाळणीत अडकते, उभी आली तर निसटते. चाळणीचा भरवसा नाय. सूप आन."

जवळ्यातली शिंपल्यांची कपची ती अशीच काढते, हे मी जन्मभर पाहत आले होते. शिंपली भट्टीत भाजली की तिचा चुना होतो, हवेतल्या ओलीने तो फुगतो आणि वरची माती उडवतो, हे मी नंतर वाचून समजून घेतलं. पण जिच्या घरात वर्षभर सूप वाजतं, तिने आपली माती पिठाच्या चाळणीवर सोपवावी, ही चूक मला अजून टोचते.

पुढचे काही दिवस बाजारानंतर आई गाळ्यात बसायची. सुपात कुटलेली माती घ्यायची आणि मनगटाला असा हिसका द्यायची की कपच्या वर येऊन सुपाच्या तोंडाशी गोळा व्हायच्या. मी तोच हिसका दिला की अर्धी माती जमिनीवर. तिने मला तीन दिवस नुसतं ते शिकवलं, आणि बोलणीही ऐकवली. सुपातून उतरलेली माती मग पाण्यात कालवून तिच्या जुन्या सुती लुगड्याच्या दुहेरी घडीतून गाळली. नव्या थाळ्या भाजून झाल्यावर ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या. उडायचा तो टवका इथेच उडू दे, म्हटलं. आई आली की चहाआधी गोणपाट उचलून बघायची. मी बघायचं धाडस करत नव्हते. प्रदर्शनाचा दिवस आला तोवर एकही टवका उडाला नव्हता.

शिक्षिकांना मी नवी थाळी नेऊन दिली आणि पालघरला टेबल मांडलं. दुपारी आई बाजार आटोपून थेट तिथे आली. अंगाला सुक्या मासळीचा वास, हातात रिकामी टोपली. ती माझ्या शेजारी बाजारात बसते तशीच ऐसपैस बसली. एका गृहस्थांनी थाळी उलटसुलट पाहिली आणि विचारलं, दिसायला छान आहे, पण टिकेल ना? पहिल्या थाळ्यांची धास्ती माझ्या मनातून गेली नव्हती. मी 'तसं म्हटलं तर...' असं काहीतरी चाचरायला लागले.

आईने त्यांच्या हातातून थाळी घेतली, बोटाच्या पेराने टणकन वाजवली आणि परत दिली.

"खडा निघाला तर परत आन, बदलून देईन."

त्यांनी तिलाच विचारलं, तुम्ही बनवता का? आई म्हणाली, माझी पोरगी बनवते. थाळी वर्तमानपत्रात गुंडाळायला मी खाली वाकले आणि गरजेपेक्षा बराच वेळ वाकूनच राहिले. सख्ख्या बहिणीच्या टोपलीची हमी तिने कधी घेतली नव्हती.