देवळ्याला मला कुंकू मिळालं नाही

मी जपानमधल्या एका बंदराच्या गावात जन्मले. तिथे एका छोट्या फिरत्या नाटकमंडळीत काम करायचे, बहुतेक म्हाताऱ्यांच्या भूमिका, कारण माझा आवाज तरुणपणीही घोगराच होता. मग तिथे नोकरीला आलेल्या पिंपळगावच्या एका मुलाशी लग्न केलं आणि नाशिकला आले. आता गंगापूर रोडवर राहते. इथेही मी नटीच आहे, नाटकातली आणि पडद्यावरचीही. फक्त बरीच वर्षं मला एकच काम मिळायचं, ते म्हणजे परकी दिसण्याचं.

सिनेमात मी चिनी हेर झाले, नेपाळी नर्स झाले. पर्स हरवलेली पर्यटक तर इतक्यांदा झाले की रस्त्यात उगाचच पर्स चाचपायची सवय लागली. एका मालिकेत मला मोडकंतोडकं मराठी बोलायला सांगितलं. मी म्हटलं, माझं मराठी चांगलं आहे. दिग्दर्शक म्हणाले, "तीच तर पंचाईत आहे, जरा मोडा की." मी मोडलं आणि घरी येऊन भांडी आपटली. माझा राग भांड्यांवरच निघतो. सासूबाई पिंपळगावहून आलेल्या असल्या की म्हणतात, "घासता घासता आपट, मंजे दोन्ही कामं व्हतील."

या सासूबाईंचं एक सांगायलाच हवं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी त्यांच्याबरोबर गावात हळदीकुंकवाला गेले होते. कुंकू लावणारी बाई एकेकीला लावत माझ्यापर्यंत आली, गोंधळली आणि पुढच्या बाईकडे वळली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ही परदेशी, हिला चालतं की नाही, असं वाटलं असणार. पण मी नवी साडी नेसून, कपाळ पुढे करून बसले होते. ते पुढे केलेलं कपाळ मागे कसं घ्यायचं हेच मला कळेना. सासूबाईंनी त्या बाईच्या हातून करंडा घेतला, स्वतः मला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "सून हाय माझी."

परकी होऊन मी कंटाळले होते आणि सासू म्हणजे काय ते घरात बघत होते. त्यामुळे नाशिकच्या एका नाटकमंडळीने बसवायला घेतलेल्या नाटकात खाष्ट सासूची भूमिका आहे असं कळलं, तेव्हा मी सरळ तालमीच्या हॉलवर गेले आणि ती मागितली.

"बाई, लोक हसतील," दिग्दर्शक म्हणाले.

"हसले तर सोडते."

"मग ठरलं. पहिला प्रयोग देवळ्याला आहे. सासू बघून हसू आलं, की भूमिका दुसरीला."

नाटकातल्या त्या सासूचा मुलगा वारलेला असतो. घरी हळदीकुंकू असतं. विधवा सून वाणाचं ताट घेऊन बाहेर येते. सासू तिला उंबऱ्यातच अडवते, ताट काढून घेते आणि बायकांकडे वळते. शब्द एकही नाही. बाकी सगळं नाटक या एका प्रसंगावर उभं होतं आणि तालमीत माझा तोच प्रसंग पडत होता. मी डोळे वटारायचे, ताट हिसकायचे. दिग्दर्शक म्हणायचे, "ही सासू नाही, दरोडेखोर आहे."

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला होता. एका रविवारी मी पिंपळगावला आमच्या पॅकहाउसवर गेले, जिथे बायका द्राक्षांचे घड साफ करून पेट्यांत भरतात. सासूबाई बायकांच्या रांगेतून फिरत होत्या. कुणाचं काम पसंत पडलं नाही, तर त्या ओरडत नाहीत. तिच्या हातातला घड अलगद काढून घेतात, स्वतः साफ करतात आणि तिच्याकडे न बघता पुढे जातात. त्या दिवशी एका बाईचा घड असा काढून घेतला आणि तिचा चेहरा पार उतरला. मी नाशिकला परतले ती हे चोरूनच. सासूबाईंना मात्र काही बोलले नाही.

देवळ्याच्या महिला मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडूनच नाटक ठेवलं होतं, मंगल कार्यालयात. समोर गावभरच्या बायका आणि पहिल्या रांगेत सासूबाई. मी रंगमंचावर आले तशी थोडी कुजबुज झाली. मग तो प्रसंग आला. सून उंबऱ्यात आली. मी तिच्या हातातलं ताट अलगद काढून घेतलं आणि तिच्याकडे न बघता वळले. कुजबुज थांबली. कुणी हसलं नाही. मागून एक बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, "मेली कुठली."

प्रयोग संपल्यावर मंडळातली एक वयस्क बाई आम्हा नटींना कुंकू लावायला आत आली. आम्ही ओळीने उभ्या होतो. तिने माझ्या शेजारच्या नटीला लावलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे सरकली. इतकी वर्षं, इतकी भाषा, इतक्या तालमी, आणि पुन्हा तेच. राग आवरेना आणि आसपास भांडीही नव्हती.

"मावशी, मी राहिले," मी म्हटलं. "मला चालतं कुंकू."

"तुला चालतंय, मला नाय चालत," ती म्हणाली. "पोरीला उंबऱ्यात हुबी ठेवलीस, तिच्या हातातलं ताट घेतलंस, आन् आता कपाळ पुढं करती व्हय?"

दिग्दर्शक धावत आले. "अहो मावशी, नाटक होतं ते. आणि या बाई तर जपानच्या आहेत."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "असंल. म्हणून सुनेला असं छळायचं?"

मागून सासूबाई पुढे आल्या आणि नेहमीच्या तोऱ्यात म्हणाल्या, "सून हाय माझी."

"मग तुमीच शिकवलं व्हय हिला हे?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं, आणि ते ताट काढून घेणं कुणाच्या घडावरून आलं ते त्यांना बरोबर कळलं. पदर तोंडाला लावून त्या हसत सुटल्या.

मावशीने करंडा माझ्या हातात दिला. "आधी तिला लाव."

सुनेचं काम करणारी मुलगी अजून त्या पांढरट साडीत, मोकळ्या कपाळाने उभी होती. मी तिला कुंकू लावलं. मग मावशीने माझ्या कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं, हातात वाणाची स्टीलची वाटी दिली आणि बजावलं, "आता नीट वाग तिच्याशी."

मी हो म्हटलं. परतताना गाडीत मी वाटी मांडीवर धरून रडले. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. एका बाईने माझा मनापासून राग केला होता आणि तो करताना मी कुठली आहे याची तिला पर्वाच नव्हती.

त्यानंतर पडद्यावर मला आत्या मिळाली, मामी मिळाली, एका मालिकेत तर अख्खी सरपंचबाई मिळाली. पर्स त्यानंतर एकदाही हरवली नाही.

आणि मावशीला दिलेला शब्द मी लगेच मोडला. पुढचा प्रयोग नाशिकला होता. सून ताट घेऊन बाहेर आली आणि मी तिला उंबऱ्यातच अडवलं.